विचारणे सोडलेला समाज

मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडावा लागला. जवळजवळ चार वर्षे या शहराला एकही नगरसेवक नव्हता. महासभा भरत नव्हती, स्थायी समिती अस्तित्वात नव्हती, अंदाजपत्रकावर वाद घालायला समोर कोणी नव्हते. २०२५-२६ या एकाच वर्षाचे अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचे होते. गोव्यासारख्या अख्ख्या राज्याच्या अंदाजपत्रकापेक्षा कितीतरी मोठे. लोकांनी निवडून दिलेल्या एकाही माणसाने त्यावर प्रश्न विचारला नाही, कारण तसा माणूसच सभागृहात नव्हता.

या चार वर्षांत वरळीत आपण काय करत होतो? बीडीडी चाळींचे व्हॉट्सॲप ग्रुप होते, कोळीवाड्याचे होते, गणेश मंडळांचे होते, टॉवरमधल्या सोसायट्यांचे होते. सकाळच्या शुभेच्छांपासून मध्यरात्रीपर्यंत त्यांवर मजकूर वाहत होता. कोणत्या नटाने काय केले, कोणत्या धर्माचे लोक किती वाढले, दिल्लीत कोण कोणाला काय बोलले, यावरून एका मजल्यावरची माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली. पण आपल्या नळाचे पाणी, आपल्या गल्लीतले गटार, आपल्या मुलांची पालिका शाळा यांचा निर्णय कोण घेत आहे आणि कोणाला विचारून घेत आहे, हा प्रश्न किती ग्रुपवर चार दिवस टिकला? पालिकेच्या जी दक्षिण विभागाच्या कचेरीत जाऊन किती जणांनी तो विचारला? दाराशी असलेली लोकशाही बंद पडली होती आणि आपल्याला त्याची साधी चुटपूटही लागली नाही. माहितीचा एवढा पूर हातात असताना एवढे अज्ञान या शहराने पूर्वी कधी पाहिले नसेल.

याचा दोष यंत्राच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. मोठ्या कंपन्यांनी आम्हाला नादी लावले, सरकारने आम्हाला फसवले, वाहिन्यांनी आम्हाला बिघडवले, असे म्हणत आपण स्वतः निर्दोष राहतो. हा लेख त्या निर्दोषपणावर आहे. कंपन्यांचा दोष आहे, सरकारचा आहे, मालकांचा आहे. त्याचा हिशेब पुढे करूच. पण बातमी कोणी दिली, कशावरून दिली, हे विचारण्याचे नागरिकाचे काम आपण आपल्या हाताने टाकून दिले. ते कोणी हिसकावून घेतले नव्हते.

हे काम या भागातल्या माणसांनी केवढ्या कष्टाने मिळवले होते, ते आठवा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून ‘दीनबंधू’ मुंबईतून चालवला तेव्हा गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी नव्हती. ती १८९० मध्ये मिळाली, आणि तिच्यामागे त्या पत्राची धडपड होती. ३१ जानेवारी १९२० रोजी परळहून बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. पैसे देऊनही ‘मूकनायक’ची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता, हेही विसरू नये. जुनी वृत्तपत्रे सोवळी होती म्हणून ती चांगली, असले रडगाणे मला गायचे नाही. त्यांच्या दारावर जात उभी होती, पैसा उभा होता. म्हणून तर ज्यांना दार बंद होते त्यांनी पोटाला चिमटा काढून स्वतःचे पत्र काढले, त्याखाली स्वतःचे नाव घातले आणि त्यातल्या शब्दाची जबाबदारी घेतली.

वरळी तर या इतिहासाच्या मध्यभागी आहे. १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या भरात आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’ सुरू केला आणि ‘मराठा’ म्हटले की वरळीची ‘शिवशक्ती’ इमारत हे नाते पुढे पक्के झाले. अत्रे एकांगी लिहीत, शिव्या देत, अतिशयोक्ती करत. पण लिहिणारा कोण आणि तो कुठे बसतो, हे अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक होते. ज्याला झोंबले तो कोर्टात जाऊ शकत होता, उलट लेख लिहू शकत होता. २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीतच मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. ते सरकारी होते आणि सरकारला अडचणीचे ते दाखवत नसे. पण सगळी चाळ एका घरात बसून एकच बातमी ऐकत असे आणि मग त्यावर भांडत असे. भांडणाला एक सामाईक जमीन होती. आज एकाच खोलीतल्या चार माणसांच्या चार फोनांत चार वेगळे देश आहेत, आणि प्रत्येकाला वाटते की आपलाच खरा.

हे घडले कसे, ते नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे वृत्तपत्राची किंमत छपाईचा आणि कागदाचा खर्चही भरून काढत नाही. अंक चालतो जाहिरातींवर. त्यातल्या छोट्या जाहिराती, म्हणजे घर भाड्याने देणे, नोकरी, लग्न, फोनवर गेल्या. मोठ्या जाहिरातींचा मोठा वाटा गुगल आणि फेसबुक यांसारख्या कंपन्यांकडे गेला, आणि या कंपन्या एकही बातमीदार पदरी न बाळगता बातमीवर कमावतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘डीएनए’ची मुंबईतली छापील आवृत्ती बंद झाली. डिसेंबर २०२० मध्ये ‘मुंबई मिरर’ हे दैनिक म्हणून बंद झाले. जी वृत्तपत्रे उरली त्यांतली माणसे कमी झाली. कमी झालेल्या माणसांत पहिला गळतो तो वॉर्डात फिरणारा, पालिकेच्या पायऱ्या झिजवणारा, कोर्टाच्या बाकावर दिवस काढणारा बातमीदार. त्याची बातमी महाग पडते आणि तिला फारसे कोणी बोट लावत नाही. मतांची भांडणे मात्र स्वस्तात तयार होतात आणि भरपूर पाहिली जातात.

फोनमधली यंत्रणा आपले बोट कुठे थबकते ते पाहते आणि तसलाच माल पुढे करते. रागावर बोट सर्वांत जास्त थबकते. म्हणून राग पुढे येतो. यात कोणी आपल्याला दोरीने बांधलेले नाही. बाजारात मासळी घेताना आपण कल्ले उघडून पाहतो, डोळा पाहतो, बोटाने दाबून पाहतो आणि मग पैसे काढतो. डोक्यात घालायच्या मजकुराला मात्र एवढीही पारख लावत नाही.

न पारखता गिळलेल्या मजकुराने काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भटके भिक्षेकरी तिथे आले होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा मोबाइलवरून आधीच पसरलेली होती. जमावाने त्यांना धरले आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मरेपर्यंत मारले. लोकशाहीचे सर्वांत खालचे, सर्वांत जवळचे घर म्हणजे ग्रामपंचायत. त्या घरात, पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव मागून पोट भरणाऱ्या पाच माणसांचा खून झाला, आणि काही हात त्याचे चित्रण करण्यात गुंतले होते.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीकडे जवळून पाहा. दोघे जण मोटारसायकलवरून येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांतल्या एकाला उचलतात आणि निघून जातात. पाहणाऱ्याचे रक्त उसळते. ही फीत मुळात कराचीत तयार झालेली जनजागृतीची जाहिरात होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि एक फलक धरतात: मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा, अशा अर्थाचा. कोणीतरी शेवटचा तेवढा भाग कापला. लहान मुलांच्या रक्षणासाठी केलेली फीत माणसे मारायला वापरली गेली. कापणारा हात एक होता. पुढे पाठवणारे हात लाखो होते, आणि त्यांतल्या बहुतेकांचा हेतू चांगला होता. “खबरदारी म्हणून पाठवले,” असे ते म्हणाले असतील. चांगला हेतू ही आज आपली सर्वांत मोठी पळवाट झाली आहे. राईनपाडा घडले त्याच दिवशी मालेगावात अशाच अफवेने खवळलेल्या जमावाच्या तावडीतून एक कुटुंब वाचले, कारण तिथल्या रहिवाशांतल्या कोणीतरी त्यांना घरात घेतले आणि पोलीस उभे राहिले. म्हणजे जमावात उभे राहूनही विचारता येते. ज्याने विचारले त्याने जीव वाचवले.

यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. माणसांनी जी मर्यादा स्वतःला घालायची ती कंपनीला घालावी लागली, याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

वरळीने हा रोग मार्च २०२० मध्ये वेगळ्या रूपात पाहिला. कोळीवाड्यात करोनाचे रुग्ण सापडले आणि महिनाअखेरीला सगळी वस्ती बंद करण्यात आली. नेमक्या त्याच दिवसांत मुंबईत वृत्तपत्रांचे वाटप थांबले. कागदातून करोना पसरतो, हा मजकूर फोनाफोनांतून फिरला होता. एप्रिलमध्ये राज्य सरकारनेही घरोघरी वृत्तपत्र टाकायला बंदी केली. म्हणजे माणसाला खऱ्या बातमीची सर्वांत जास्त गरज होती तेव्हा त्याच्या हाती उरला तो फोन. त्यात काढे होते, मंत्र होते, अमुक धर्माच्या माणसाकडून भाजी घेऊ नका असे फतवे होते. आणि कोळीवाड्याच्या माणसाकडे बाहेरचे जग संशयाने पाहू लागले होते. शतकानुशतके ज्यांनी या शहराला मासळी खाऊ घातली त्यांना शहर दूर ढकलत होते, आणि हे ढकलणे तळहातावरच्या मजकुराने शिकवले होते.

वरळीला तर हे आधीच कळायला हवे होते. जानेवारी १९७४ मध्ये बीडीडी चाळींत सवर्ण आणि दलित एकमेकांवर उठले, दलित पँथरचा भागवत जाधव मारला गेला, चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे आयोग नेमावा लागला. एका जिन्याने चढणारी माणसे एकमेकांवर दगड घालू शकतात, हे ज्या चाळींनी पाहिले, त्याच चाळींच्या ग्रुपवर आज एखाद्या जातीवर, एखाद्या धर्मावर विष ओतले जाते आणि ऐंशी घरे ते मुकाट वाचतात. एकजण लिहितो, दोघे टाळ्या वाजवतात, बाकीचे “कशाला तोंड उघडायचे” म्हणून गप्प बसतात. या गप्प बसण्याला मी सभ्यता म्हणणार नाही. विष ओतणारा थोडा असतो, त्याला बळ मिळते ते गप्प बसणाऱ्यांचे.

आता नावाने लिहिणाऱ्याकडे पाहा. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे ‘महानगरी टाइम्स’मध्ये लिहीत. कोकणातल्या नियोजित रिफायनरीचा आणि तिथल्या जमिनींच्या व्यवहारांचा विषय ते सातत्याने मांडत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर गाडी घालण्यात आली. दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्येच कायदा केला होता. कायदा होता, समाज नव्हता. गावातल्या जमिनीची खरी गोष्ट स्वतःच्या नावाने सांगणाऱ्या माणसाला जिवाची किंमत मोजावी लागते, आणि खोटे फिरवणाऱ्याला काहीच मोजावे लागत नाही. ही व्यवस्था आपण चालू दिली आहे. आणि त्या बातमीदाराच्या वृत्तपत्राला महिन्याचे शेदीडशे रुपये द्यायला आपला हात आखडतो. पीडीएफ ग्रुपवर फुकट येते ना!

वाहिन्यांचे पापही लहान नाही. २०२० मध्ये एका नटाच्या मृत्यूवर महिनोन्‌महिने जो तमाशा चालला, त्यावर जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की माध्यमांनी चालवलेला असा खटला न्यायदानात ढवळाढवळ करतो. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांत घोटाळा झाल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी केला आणि वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे जाहीर करणे बंद झाले. ते मार्च २०२२ पर्यंत बंद राहिले. पुढे सरकारने तो खटलाच मागे घेतला. आकड्यांचे खरेखोटे काहीही असो, तो तमाशा रोज रात्री पाहणारे घर कोणाचे होते? करोनाच्या साथीत माणसे रुग्णालयात खाट मिळवण्यासाठी दारोदार फिरत होती आणि आपण त्या नटाच्या मैत्रिणीचे संदेश वाचत होतो.

या सगळ्याचा फायदा सत्ता घेते. खोट्याचा सुळसुळाट झाला की सरकार म्हणते, खरे काय ते आम्ही ठरवतो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियमांत बदल करून तसा अधिकार स्वतःच्या तथ्यतपासणी कक्षाकडे घेतला: सरकारी कामकाजाविषयीचा कोणता मजकूर खोटा हे सरकारच सांगणार. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले, तिसऱ्या न्यायमूर्तींकडे प्रकरण गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो बदल घटनाबाह्य ठरला. ज्याच्यावर आरोप त्यालाच न्यायाधीश करू नये, ही साधी गोष्ट. ती कोर्टाने राखली. पण खोट्याला आळा घालायचे काम समाज करणार नसेल तर कोणीतरी दंडुका घेऊन ते करायला पुढे येईल, आणि त्या दिवशी खरे बोलणाऱ्याच्या पाठीवर पहिला दंडुका पडेल.

फोनचे उपकार मी नाकारत नाही. २६ मे २०२५ रोजी पावसाचे पाणी वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात घुसले. स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. प्रवाशांनी घेतलेल्या चित्रणामुळे ते कोणाला लपवता आले नाही. हे मोठे काम झाले. पण पुढे? अर्धवट प्रवेशद्वाराजवळची पाणी अडवणारी भिंत पडली, असे मेट्रो रेल कॉर्पोरेशनने सांगितले. ती भिंत कोणी बांधली, कोणी तपासली, खर्च कोणाच्या खिशातून, हे विचारत राहायला चित्रण पुरत नाही. त्याला महिनोन्‌महिने कागद मागणारा माणूस लागतो. तसेच सागरी किनारा मार्गाचे. उंचावरून टिपलेली त्याची देखणी दृश्ये प्रत्येक फोनवर आली. त्या मार्गाच्या खांबांमधून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून वरळीचे कोळी वर्षानुवर्षे भांडले. दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवायचे ठरले होते; भरतीत, वाऱ्यात होडी तेवढ्यातून काढणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने ते १२० मीटर करायचे मान्य केले. या शहराच्या पोटातली ही गोष्ट किती जणांनी पुढे पाठवली? सुंदर दृश्यावर बोट थबकते, अंतराच्या वादावर थबकत नाही. आपल्या बोटाला वळण लावायचे काम आपलेच आहे.

म्हणून थोड्या रोखठोक मागण्या करतो. मजकूर कोणी लिहिला, कधी लिहिला, कशावरून लिहिला, हे ठाऊक नसताना तो पुढे पाठवणे म्हणजे खोटे बोलणे समजा. घरातल्या मोठ्या माणसांनाही हे प्रेमाने पण स्पष्ट सांगा. काकांनी पाठवले म्हणून खोटे खरे होत नाही. एक तरी वृत्तपत्र, एक तरी नियतकालिक पैसे देऊन घ्या आणि त्याच्या संपादकाला जाब विचारा: आमच्या वॉर्डाचा बातमीदार कुठे आहे? संपादकांनो, चुकीची बातमी ज्या जागी छापली त्याच जागी, त्याच आकारात दुरुस्ती छापा. जाहिरात आणि बातमी यांतली रेघ पुसू नका. पक्षांच्या कार्यकर्त्यांनो, ज्या चाळीत तुम्ही मत मागायला जाता तिथल्या ग्रुपवर वैर पेरू नका. तुम्ही निघून जाता, शेजारी तिथेच राहतात.

आणि बीडीडीकरांनो, १४ ऑगस्ट २०२५ ला नव्या इमारतींतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या तुम्हाला मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत जाण्याचा हा हक्क तुम्ही झगडून मिळवला आहे. आता सोसायटीच्या पहिल्याच सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडा: या इमारतीत वाचनालयाची एक खोली असेल, तिथे रोज चार वेगवेगळ्या मतांची वृत्तपत्रे येतील, आणि आठवड्यातून एकदा मुले मोठ्यांना बातमी वाचून दाखवतील व विचारतील की हे कशावरून. विरोध होईल, खर्च सांगितला जाईल, पार्किंगला जागा कमी पडेल असेही कोणी म्हणेल. तरी ठराव रेटा. जो समाज प्रश्न विचारायला स्वतःच्या मुलांना जागा देत नाही, त्याला राज्यकर्त्यांकडून उत्तरे मागायचा अधिकार उरत नाही.